अर्मिंदाच्या नाकाचा पगार

मंगळवारी संध्याकाळी बेल्मीरुने तव्यात ऑलिव्हचं तेल घातलं, बायको सिंककडे तोंड करून उभी आहे याची खात्री केली आणि टोपलीतल्या लसणाच्या गड्ड्याकडे हळूच हात नेला.

"ठेव तो," अर्मिंदा वळूनही न बघता म्हणाली.

"मी नुसता बाजूला सरकवत होतो."

"सोलतोयस."

"अगं, सोलला नाही. नख लागलंय फक्त."

"नखाचाच वास आला."

बेल्मीरुने गड्डा टोपलीत परत टाकला आणि बिनलसणाची भाजी परतायला घेतली. सदतीस वर्षं त्या घरात हेच चाललं होतं. लसूण शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी. रविवारपासून पुन्हा सोवळं. कच्चा कांदा नाही, सुवासिक साबण नाही, घरात सिगारेट नाही, सकाळी कामावर जाण्याआधी कॉफीसुद्धा नाही. देवाधर्माचा यात काही संबंध नव्हता. अर्मिंदा बुचांच्या कारखान्यात निवडीच्या टेबलावर होती, आणि तिचं नाक कारखान्याच्या कामाचं होतं.

ओपोर्तो शहराच्या खाली, फैराच्या बाजूला, प्रत्येक गावात बुचांचा एक तरी कारखाना आहे. बुचाच्या झाडाची साल दक्षिणेकडून येते, उकळते, तिच्या पट्ट्या होतात. पुरुष त्या पट्ट्या यंत्राच्या फिरत्या नळीपुढे धरतात आणि एकेक बूच कापून काढतात. मग ती बुचं निवडीच्या खोलीत जातात. तिथे सगळ्या बायका. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून बुचं लोळत येतात आणि बायकांचे हात तांदळातला खडा वेचावा तसे भेग, किडीचं भोक, हिरवट डाग वेचत राहतात. शिवाय आठवड्यातून तीनदा नाकाचं काम. प्रत्येक खेपेतली चोवीस बुचं चोवीस पेल्यांत, पांढऱ्या वाइनमध्ये रात्रभर भिजवायची आणि सकाळी पेल्यावरची काच सरकवून एकेक हुंगायची. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास एका पेल्यात जरी आला तरी सगळी खेप थांबते. नाही थांबली तर कुठेतरी लांब कुणाच्या तरी लग्नात बाटली उघडते, लोक तोंड वाकडं करतात आणि शिव्या कारखान्याला बसतात.

बेल्मीरु कापणारा होता, अर्मिंदा निवडणारी. एकाच दारातून आत जायचे, एकाच भोंग्याला बाहेर पडायचे. महिन्याच्या शेवटी बेल्मीरुच्या पाकिटात जवळजवळ शंभर युरो जास्त असायचे. यात चोरीछुपे काही नव्हतं. करारातच तसं छापलेलं होतं, पुरुषांची कामं एका यादीत, बायकांची दुसऱ्या. कुणी विचारलंच तर मुकादम लौरिंदु म्हणायचा, "कापताना बोट जाऊ शकतं. निवडणं काय, घरी घेवडा निवडतातच की." हे त्याच्या आधीचा मुकादमही म्हणायचा, आणि अर्मिंदाची आई टेबलावर होती तेव्हाचासुद्धा.

लग्नाच्या वर्षी, त्या जास्तीच्या पैशांतून, बेल्मीरुने तिला अत्तराची बाटली आणली होती. ओपोर्तोच्या मोठ्या दुकानातली, निळ्या काचेची. त्याच आठवड्यात अर्मिंदाला झाडूवरून निवडीच्या टेबलावर घेतलं. झालं. बाटली कपाटात गेली. मुलीच्या बारशाला एकदा तिने थेंबभर लावलं, पण ते अत्तर असं चिवट की स्वेटरमधून आठवडाभर जाईना. तेव्हाच्या मुकादमाने दारातच नाक मुरडलं आणि तिला तीन दिवस झाडूवर पाठवलं. त्यानंतर बूच घट्ट ते घट्टच.

आज अर्मिंदा अठ्ठावन्नची होती आणि उद्या बुधवार होता.

"झोप लवकर," बेल्मीरु ताट पुढे सरकवत म्हणाला. "उद्या तुझी परीक्षा."

"माझी कसली? कामाची."

"तेच ते."

ते मात्र खरं होतं. त्या वर्षी युनियन आणि मालक लोक कसेबसे एका गोष्टीवर येऊन थांबले होते. जुन्या याद्या बाजूला ठेवायच्या आणि प्रत्येक काम नव्याने तोलायचं. ताकद किती लागते, कसब किती, जबाबदारी किती, त्रास किती. प्रत्येकाचे गुण. ज्या कामांचे गुण सारखे, त्यांचा पगार सारखा. सरकारी बाई एका कारखान्यात येऊन बघणार होत्या, आणि चिठ्ठी यांच्याच कारखान्याची निघाली. कापणाऱ्यांचं काम त्या सोमवारीच बघून गेल्या होत्या. उद्या निवडीचं. निवडीच्या चौदा जणींनी बोलायला अर्मिंदाला पुढे केलं होतं. तिला सात वर्षांनी पेन्शन लागायची होती, ती शेवटच्या वर्षांच्या पगारावर ठरणार होती, आणि आता जर निवडीचं काम हलकं ठरलं तर पुन्हा कुणी ते तोलायला घेणार नव्हतं. निदान ती टेबलावर असेपर्यंत तरी नाही.

जेवण झालं आणि खालून हाक आली. "दोना अर्मिंदा, येताय ना?"

ती ग्रासिएत. खाली राहणारी, टेबलावरची सगळ्यात तरुण, सगळ्यात बोलकी, दोन मुलांची आई. वर न येता जिन्यातूनच ओरडत होती. "माझ्या गॅरेजमध्ये केसवाली आलीय. बाराजणींचं झालं. तुम्ही राहिलात आणि मी."

"मला कशाला गं? मी काय नवरी आहे?"

"लिस्बनची बाई येणार. डॉक्टर किंतेला. आपल्याला बघून म्हणायला नको, या काय, झाडूवाल्या. जरा माणसासारखं दिसूया ना एक दिवस."

अर्मिंदाने हात पुसले. आरशात बघितलं. पांढरे केस कानामागे खोचलेले, कपाळावर बुचाच्या भुशाने आलेला तपकिरी थर, जो आंघोळीनेही पुरता जात नाही. "जाते जरा," ती बेल्मीरुला म्हणाली.

तासाभराने परत आली ती डोक्यावर घुमट घेऊनच. केस कुरळे, फुगवलेले, आणि असे कडक की टिचकी मारली तर वाजतील.

बेल्मीरुने वर्तमानपत्र खाली केलं. "बाप रे. आत कोण आहे?"

"चेष्टा नको. कसं दिसतंय?"

"छान दिसतंय. वास कसला येतोय पण?"

"कसला वास?"

"गोडगोड. रंगाच्या दुकानात येतो तसला."

अर्मिंदाने हवा ओढून बघितली. "मला तर काही येत नाही."

"मग नसेल," बेल्मीरु म्हणाला. त्या घरात नाकाच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, हे सदतीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

*

बुधवारी सकाळी निवडीच्या खोलीत चौदा घुमट बसले होते. पांढरे अंगरखे, इस्त्रीच्या कॉलर. लौरिंदु दारात आला, एक पाऊल मागे सरकला, काही बोलणार होता, पण त्याच्यामागून इंजिनियर तेल्मु आले आणि तो गप्प झाला. तेल्मु म्हणजे मालकांचा मुलगा. वडील आता खुर्चीत बसून असत, कारखाना हाच चालवत होता. वाईट माणूस नव्हता. नाताळला प्रत्येकीला टर्की द्यायचा. फक्त पगाराचा विषय निघाला की त्याला कुठेतरी जायचं असायचं.

डॉक्टर किंतेला पन्नाशीच्या, बुटक्या, पायात सपाट बूट. हातात कागदाचा पुठ्ठा. डॉक्टर म्हणजे पदवीवाल्या, औषधवाल्या नव्हेत. त्यांचे स्वतःचे केस सकाळी विंचरलेसुद्धा आहेत की नाही अशी शंका यावी. ग्रासिएतने अर्मिंदाला कोपराने ढोसलं. अर्मिंदाने तिच्याकडे बघितलं नाही.

पहिला तास बरा गेला. बुचं लोळत होती, हात चालत होते, बाई घड्याळ लावून मोजत होत्या. "एका बुचाला किती वेळ बघता?"

"बघते कुठे?" अर्मिंदा म्हणाली. "बघायला लागलं तर पुढची दहा निघून जातील. डोळ्याला खुपतं ते उचलायचं."

"मान दुखते?"

"मान, खांदे. संध्याकाळी डोळे मिटले तरी बुचं लोळत असतात."

बाईंनी लिहिलं. तेल्मु हसून म्हणाले, "पण बसून असतात, डॉक्टर. आमचे कापणारे आठ तास उभे."

"ते मी सोमवारी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आता ती पेल्यांची चाचणी बघू."

चोवीस पेले कोपऱ्यातल्या लांब टेबलावर मांडलेले होते. लौरिंदुने आदल्या रात्री स्वतः भरलेले, त्यातल्या एकात मुद्दाम बुरशीचं बूच टाकलेलं. कुठल्या, ते त्याला एकट्याला माहीत होतं आणि बाईंच्या खिशातल्या बंद पाकिटाला. अर्मिंदा पहिल्या पेल्यापाशी उभी राहिली. काच सरकवली. वाकली.

गोड. रंगाच्या दुकानात येतो तसला.

तिने काच झाकली. दुसरा पेला. तेच. तिसरा. पेल्यातून वास येतच नव्हता. वास तिच्या स्वतःच्या कपाळावरून खाली उतरत होता, शेजारी उभ्या ग्रासिएतच्या डोक्यावरून येत होता, चौदा डोक्यांवरून सकाळपासून त्या बंद खोलीत साचत होता. घरी नवऱ्याच्या नखाचा लसूण ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या डोक्याचा फवारा रात्रभर कळला नव्हता.

चौथा पेला. पाचवा. मागे सगळ्या रांगेत उभ्या. त्यांनाही आता कळलं होतं. एकीने हळूच डोक्याला हात लावला.

सातव्या पेल्यापाशी अर्मिंदाने सहज वर बघितलं तर समोर लौरिंदु. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. डोळे छताकडे, आणि बोटं लाकडावर हळू वाजत होती. टक टक टक, टक टक टक, टक टक टक. थांबला. पुन्हा तेवढंच.

नऊ.

वीस वर्षं ज्याने दारात उभं राहून तिचा श्वास तपासला होता तो लौरिंदु तिला उत्तर सांगत होता. आणखी दोन पेले पुढे जायचं, जरा थांबायचं, कपाळाला आठी घालायची आणि बोट ठेवायचं. पाकीट उघडेल, टाळ्या पडतील, बाई जेवून लिस्बनला जातील.

अर्मिंदा आठव्या पेल्यापर्यंत गेली. आणि तिच्या मनात आलं, असं डोकं घेऊन, अशा खोलीत जर मी नववा पेला ओळखला, तर हे काम कुणालाही जमेल असं होईल. घेवडा निवडण्यासारखं. मीच माझ्या हाताने ते लिहून दिल्यासारखं होईल.

तिने काच झाकली आणि सरळ उभी राहिली.

"डॉक्टर, मला आज वास येत नाहीये."

लौरिंदुची बोटं थांबली.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे सांगता येणार नाही. मला नाही आणि या खोलीतल्या कुणालाच नाही. आम्ही काल केस करून घेतले. तुम्ही येणार म्हणून. त्यावर तो फवारा मारलाय."

तेल्मु हसले. अगदी वाईट नाही, पण हसले. "बघा, डॉक्टर. आज नाकाने सुट्टी घेतली."

"केस करायचे नसतात का?" बाईंनी तेल्मुंकडे न बघता विचारलं.

"नसतात. ती पाटी बघा."

दारावर पाटी होती. बायकांना ती आता दिसतही नव्हती, इतकी जुनी. बाई जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचू लागल्या. "निवडीच्या खोलीत येणाऱ्यांनी अत्तर, सुवासिक साबण, केसांचा फवारा, तंबाखू, कॉफी, कांदा, लसूण… व्यवस्थापनाच्या आज्ञेवरून." त्या थांबल्या. "हे कामाच्या वेळात?"

"अहो, लसणाला घड्याळ कुठे कळतं?" अर्मिंदा म्हणाली. "रात्री खाल्ला तरी सकाळी असतोच."

"मग घरी काय करता?"

मागून एक आवाज आला, "माझा नवरा गच्चीत सिगारेट ओढतो. जानेवारीत पण." दुसरी म्हणाली, "मुलीच्या लग्नात मला फुलांपासून लांब बसवलं होतं, दुसऱ्या दिवशी पेले हुंगायचे होते म्हणून." तिसरी म्हणाली, "सर्दी झाली की मी घाबरते, डॉक्टर. लोक तापाला घाबरतात." एकदा सुरू झालं ते थांबेना. बाईंचं पेन धावत होतं.

"पण ही त्यांची सवय झाली," तेल्मु म्हणाले. "कुणी घरी जाऊन तपासत नाही."

"घरी नाही, दारात तपासतात," ग्रासिएत म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सेन्योर लौरिंदु, सांगा ना. मागच्या वर्षी माझा कांदा."

सगळ्यांनी लौरिंदुकडे बघितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मालकाकडे बघितलं, मग पेल्यांकडे.

"तिच्या तोंडाला कांदा येत होता," तो म्हणाला. "मी घरी पाठवलं. अर्ध्या दिवसाचा पगार कापला. नियमच आहे तो, इंजिनियरसाहेब. तुमच्या वडिलांनी केलेला."

बाईंनी मान वर केली. "आणि कापणाऱ्यांना असा काही नियम?"

बेल्मीरु आणि आणखी चार-पाच कापणारे एव्हाना दारात जमले होते, दहाच्या सुट्टीचा पाव हातात घेऊन. बाईंनी त्यालाच विचारलं.

"आम्हाला?" बेल्मीरु म्हणाला. "आम्ही सार्डिन मासे खाऊन येतो, बाई. यंत्र काही बोलत नाही." जरा थांबून तो म्हणाला, "म्हणजे मी नाही खात. आमच्याकडे हिच्यामुळे कुणालाच मिळत नाही. पण पैसे मला जास्त मिळतात आणि हिला कमी. हे असं कधी मनात आलं नव्हतं."

अर्मिंदाने त्याच्याकडे बघितलं. सदतीस वर्षांत एवढं लांब तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलला होता.

बाईंनी पुठ्ठा मिटला. "चाचणी पुढे ढकलू का? मी पुन्हा एप्रिलमध्ये येऊ शकते."

"एप्रिलमध्ये कशाला?" अर्मिंदा म्हणाली. "साबण आहे, पाणी आहे. दोन तास द्या."

*

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी कारखान्याच्या अंगणात जे झालं ते गावात अजून सांगतात. चौदा बायका नळाच्या हौदावर ओणव्या झाल्या. कपडे धुवायचा निळा-पांढरा साबण, बिनवासाचा, वड्या फोडून वाटून घेतलेला. पाणी असं थंड की पहिल्या तांब्यालाच ग्रासिएतने आईची आठवण काढली.

"बारा युरो गेले माझे," ती फेसातून म्हणाली. "बारा युरो, दोना अर्मिंदा. एक रात्र टिकले."

"माझे पण बारा. घास, कानामागे घास."

"ती लिस्बनची बाई खिडकीतून बघतेय."

"बघू दे. माणसासारखं दिसायचं होतं ना तुला? हे बघ, दिसतोय."

हौदावर हसू फुटलं, आणि दात वाजत होते म्हणून ते हसू विचित्रच आलं. तेवढ्यात मागे बादल्यांचा आवाज. बेल्मीरु पुढे, त्याच्यामागे सहा-सात कापणारे, कॅन्टीनच्या चुलीवर तापवलेलं पाणी घेऊन. बादल्या ठेवल्या. मग एक जण म्हणाला, "मान खाली घाला, ओततो," आणि बुचं कापणारे जाडेभरडे हात केसांवर पाणी ओतू लागले. बेल्मीरु अर्मिंदाच्या मागे उभा होता.

"काल सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "रंगाचं दुकान."

"ओत."

"ऐकलंस तर ना माझं."

"बेल्मीरु, ओत."

डोक्याला पांढरी फडकी गुंडाळून त्या उन्हात भिंतीला टेकून बसल्या. लौरिंदुने पेले सालीच्या मोकळ्या छपराखाली नेऊन मांडले. तिथे चारही बाजूंनी वारा होता. मग सगळ्यांना लांब पाठवून बाईंनी जुनं पाकीट फोडलं, पेल्यांची जागा बदलली, नवे आकडे लिहिले आणि नवं पाकीट बंद करून खिशात ठेवलं. अर्मिंदाने ते लांबून बघितलं, आणि तिला बरं वाटलं. आता कुणाला काही वाजवता येणार नव्हतं.

साडेबाराला ती उठली. फडक्यातून एक ओली बट कपाळावर आली होती, ती तिने मागे सारली. पहिला पेला. वाइन, लाकूड. दुसरा. वाइन, लाकूड, जराशी साय. तिसरा. ती घाई करत नव्हती. प्रत्येक पेल्यानंतर तोंड बाहीत घालून स्वतःच्याच स्वच्छ कापडाचा श्वास घ्यायची, मग पुढे. चौदाव्या पेल्यावर ती वाकली आणि तिला हुंगावं लागलंच नाही. आजीच्या तळघरात ओल्या पुठ्ठ्यांचा ढीग होता, तोच समोर येऊन उभा राहिला.

"हा," ती म्हणाली.

पुढे सरकली. एकोणिसाव्यापाशी रेंगाळली, परत आली, पुन्हा हुंगलं. "हा पण ठेवून द्या. खात्री नाही. पण रोजचं काम असतं तर मी खेप सोडली नसती."

बाईंनी नवं पाकीट उघडलं. चौदा. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकदम सगळ्यांनी श्वास सोडला इतकंच. तेल्मुंनी वाकून चौदावा पेला हुंगला आणि तोंड वाकडं केलं. मग एकोणिसावा हुंगला. "यात तर काही नाही."

"नसेल," अर्मिंदा म्हणाली. "प्रयोगशाळेत पाठवा."

पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, एकोणिसावा साफ होता. तेल्मुंनी ते स्वतः येऊन सांगितलं, जरा आनंदानेच. अर्मिंदा म्हणाली, "चुकलं माझं." बेल्मीरु पुढचे पंधरा दिवस घरात कुठेही बसला की "हे एकोणीस आहे का?" विचारत होता. पण बाईंच्या कागदावर त्या एकोणिसाव्या पेल्याची वेगळीच नोंद झाली होती, ते जूनमध्ये कळलं. जबाबदारीच्या रकान्यात लिहिलं होतं, शंका आली की थांबते.

*

मधले चार महिने अर्मिंदाने मोजून काढले. टेबलावर बोलणं कमी झालं होतं. कापणारे दारात भेटले की "काही कळलं का?" विचारायचे. पूर्वी कधी विचारत नसत. घरी बेल्मीरु लसणाकडे बघायचासुद्धा बंद झाला होता. हे तिला जास्तच जड जात होतं.

जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी लौरिंदुने पट्टा थांबवला. पट्टा मध्येच थांबला की कुणाचं तरी बोट गेलं असं समजायचं, म्हणून सगळ्या ताडकन उठल्या.

"बसा, बसा," तो म्हणाला. हातात कागद होता. त्याने घसा साफ केला, वाचायला सुरुवात केली, आणि मग कागदच अर्मिंदाच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा, दोना अर्मिंदा. माझा चष्मा राहिला."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

अर्मिंदाने वाचलं. बूच कापणं, एकसष्ट गुण. बूच निवडणं, त्रेसष्ट. दोन्ही कामं एकाच गटात. दोन्हींचा पगार एक. फरक तीन वर्षांत, तीन हप्त्यांत भरून काढायचा. यंदाचा पहिला हप्ता जुलैपासून.

तिने पुन्हा वाचलं. तीन वर्षं. म्हणजे एकसष्टची होईन तेव्हा पुरा. त्यानंतर चार वर्षं पुऱ्या पगाराची, आणि मग पेन्शन त्यावर. तिने बोटांवर नाही, मनात केलं हे. मग खुर्चीत बसली आणि हातातला कागद गुडघ्यावर सपाट करत राहिली.

"दोना अर्मिंदा, रडताय?" ग्रासिएत म्हणाली.

"नाही गं. कित्येक वर्षं खांदे वर ओढून बसले होते, आत्ता कळलं."

आईची जागा खिडकीजवळची तिसरी. तिथे आता ग्रासिएत बसायची. अर्मिंदाने तिकडे एकदा बघितलं. आईला हे मिळालं नाही, ते नाहीच. पण ग्रासिएत सदतीसची होती आणि तिच्यापुढे सगळी वर्षं पुरी होती.

संध्याकाळी भोंग्याला बेल्मीरु फाटकाशी उभा होता. त्याला कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं होतं.

"त्रेसष्ट," तो म्हणाला. "आणि आम्ही एकसष्ट."

"नाकाला झोंबलं का?"

"झोंबायला नाक लागतं. ते तुझ्याकडे." चालता चालता तो म्हणाला, "ते दोन गुण कशाचे जास्त?"

"तुझ्या लसणाचे."

घरी पोचल्यावर त्याने टोपली ओट्यावर उपडी केली. शुक्रवार होता. खारवलेला कॉड मासा सकाळपासून पाण्यात होता, बटाटे उकडलेले. एक नाही, दोन गड्डे सोलले. तेल तापलं, लसूण पडला, आणि सगळं घर, जिना, खालचं गॅरेज दरवळून गेलं. खालून ग्रासिएत ओरडली, "कळलं, कळलं, शुक्रवार आहे."

अर्मिंदा आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून निळी बाटली घेऊन आली. बूच इतकं घट्ट बसलं होतं की चिमट्याने ओढावं लागलं. आधी तिने बूच बघितलं, सवयीने. एक बारीक भेग, बाकी साफ. मग हुंगलं.

"काय?" बेल्मीरु तव्यावरून म्हणाला.

"व्हिनेगर झालंय."

"सगळं?"

"सगळं. सदतीस वर्षं झाली त्याला."

बेल्मीरुचं तोंड उतरलं. त्याने तवा खाली ठेवला. "महाग होतं गं ते."

"माहितीये. माझ्याच शंभरातून घेतलं होतंस."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याला हसू आलं. तिलाही. तिने बाटली सिंकमध्ये रिकामी केली, धुतली, तीत खिडकीतल्या कुंडीतली ओव्याची काडी खोचली आणि टेबलावर ठेवली. मग दोघं जेवायला बसली. अर्मिंदाने कॉडचा सगळ्यात लसूणवाला तुकडा स्वतःच्या ताटात घेतला.

"सोमवारपर्यंत जाईल ना?" बेल्मीरुने विचारलं.

"जाईल. मधे दोन दिवस आहेत," ती म्हणाली, आणि मक्याचा पाव तेलात बुडवला.